ऑफिसातली मागणी, ऑफिसबाहेरचं आंदोलन आणि एच-१बी

प्रश्न: मी मूळची नागपूरची. सनीव्हेलमधल्या एका बड्या टेक कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सात वर्षं एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला आय-१४० अर्ज मंजूर, नवरा एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर काम करतो, मुलगी शाळेत. आमच्याकडे सध्या दोन गोष्टी चालू आहेत. कंपनीच्या भेदभावविरोधी धोरणात ‘जात’ हा शब्द यावा आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांवर एक व्याख्यान व्हावं, अशी आम्हा दहा-बारा जणांची मागणी आहे. शिवाय कंपनीच्या लष्करी कंत्राटाविरुद्ध निवेदन फिरतंय आणि पुढे ऑफिसातच ठिय्या देणार म्हणतात. मॅनेजर म्हणाला, “कामाच्या जागी राजकारण नको. २०१८ साल गेलं आता.” मला दोन्हीत उतरायचंय. नोकरी सांभाळून किती करता येईल? जय भीम.

उत्तर: सप्रेम जय भीम.

तुमच्या दोन्ही इच्छा रास्त आहेत, पण दोन्हींतली जोखीम सारखी नाही. जात धोरणात यावी ही मागणी तुमच्या स्वतःच्या नोकरीच्या अटींबद्दलची आहे. तिच्या पाठीशी अमेरिकेचा कामगार कायदाही आहे आणि कॅलिफोर्नियाचा भेदभावविरोधी कायदाही. लष्करी कंत्राटाचा प्रश्न म्हणजे कंपनीने काय कोणाला विकावं याचा प्रश्न. तिथे कायद्याचा आधार फारच थोडा आहे आणि ठिय्याला तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे पहिली मागणी ऑफिसात, नाव लावून, रीतसर करा. दुसऱ्या कामात ऑफिसबाहेर, स्वतःच्या वेळात आणि स्वतःच्या फोनवरून उतरा. ठिय्यात बसू नका. आणि ही दोन कामं एका निवेदनात, एका चॅट ग्रुपमध्ये किंवा एकाच संयोजकाच्या नावावर कधीही आणू नका.

असं का, ते सविस्तर सांगतो. तुमचा मुद्दा किती न्याय्य आहे यावर कायद्याचं संरक्षण ठरत नाही. मागणी कशाबद्दल आहे, किती जणांनी मिळून केली आणि कोणत्या मार्गाने केली, या तीन गोष्टींवर ते ठरतं. १९३५च्या नॅशनल लेबर रिलेशन्स ॲक्टचं कलम ७ खासगी क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांना पगार, कामाच्या अटी आणि वागणूक यांबाबत एकत्र येऊन बोलण्याचा हक्क देतं. त्यासाठी युनियन लागत नाही, ग्रीन कार्ड लागत नाही, एच-१बीवाल्यांनाही तो हक्क आहे. मात्र ‘एकत्र’ हा शब्द फार महत्त्वाचा. एकट्याने मॅनेजरकडे व्यक्त केलेली नाराजी बहुतेक वेळा या कलमात बसत नाही. दोघांनी मिळून, किंवा एकाने बाकीच्यांच्या वतीने बोललेलं बसतं. दुसरी मेख तुमच्या पदाची. नेमणूक, बढती, शिक्षा किंवा कामवाटप स्वतःच्या निर्णयाने करण्याचा किंवा त्याची परिणामकारक शिफारस करण्याचा अधिकार ज्याला आहे, तो या कायद्याच्या दृष्टीने ‘सुपरवायझर’ ठरतो आणि कलम ७ च्या बाहेर जातो. नुसती टेक लीड असाल तर सहसा अडचण नाही. पण चार जणांची मूल्यांकनं तुम्ही लिहीत असाल तर निवेदन फिरवण्याचं काम दुसऱ्याकडे द्या.

कॅलिफोर्नियातला आधार वेगळा आणि अधिक भक्कम आहे. तिथल्या भेदभावविरोधी कायद्यात ‘जात’ हा शब्द नाही, पण पूर्वज-वंश, मूळ देश, धर्म, रंग हे आधार आहेत. जातीचा स्पष्ट उल्लेख करणारं एसबी ४०३ हे विधेयक विधिमंडळात मंजूर झालं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते सही न करता परत पाठवलं, आणि परत पाठवताना कारण दिलं ते हेच, की असा भेदभाव आहे त्या कायद्यातच निषिद्ध आहे. आपल्याकडच्या अनेकांनी तो पराभव मानला. तुमच्या कामासाठी मात्र ते वाक्य उपयोगाचं आहे, कारण कंपनीकडे तुम्ही नवा हक्क मागत नाही आहात. जे आधीच बेकायदा आहे ते धोरणात स्पष्ट लिहा, एवढंच म्हणता आहात. निवेदनात हे असंच मांडा. भेदभावाला विरोध केला म्हणून सूड उगवणं हाही या कायद्याखाली वेगळा कायदेभंग धरला जातो, आणि राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे तक्रारीला ३ वर्षांची मुदत मिळते. संघराज्याच्या ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या आयोगाकडे, मात्र ३०० दिवसच.

पूर्वदाखलेही आहेत. ॲपलने २०२० मध्येच कर्मचारी आचारनियमांत जातीचा स्पष्ट उल्लेख केला. त्याच वर्षी जूनमध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्कोवर जातीभेदाचा दावा लावला होता. दोन अभियंत्यांविरुद्धचा भाग राज्याने २०२३ मध्ये मागे घेतला, कंपनीविरुद्धचा सुरू ठेवला. हे अर्धं सांगू नका. विरोधक उरलेलं अर्धं सांगतील आणि तुमच्या शब्दाची किंमत जाईल. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीभेदावर बंदी घातली. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या.

आता मसुदा. एका पानाच्या वर जाऊ नका. त्यात चार गोष्टी पुरेत: धोरणाच्या कोणत्या परिच्छेदात कोणता शब्द घालायचा, मॅनेजर आणि मुलाखत घेणाऱ्यांच्या प्रशिक्षणात जातीचं एक उदाहरण, एचआरच्या तक्रार अर्जात निवडायला तसा पर्याय, आणि उत्तर कधीपर्यंत अपेक्षित आहे ती तारीख, साधारण ३० दिवसांनंतरची. भाषा अशी ठेवा:

“आम्ही खाली सही करणारे कर्मचारी आमच्या कामाच्या अटींबाबत ही मागणी एकत्रितपणे करत आहोत. वंश आणि पूर्वज या आधारांवरील भेदभाव कंपनीच्या धोरणात आणि राज्याच्या कायद्यात आधीच निषिद्ध आहे. त्यात ‘जातीसह’ हा शब्द घालावा, म्हणजे तक्रार घेणाऱ्याला आणि करणाऱ्याला दोघांनाही मार्ग स्पष्ट राहील.”

पहिल्या वाक्यातले ‘कामाच्या अटींबाबत’ आणि ‘एकत्रितपणे’ हे शब्द गाळू नका. उद्या प्रकरण लेबर बोर्डापुढे, म्हणजे कलम ७ राबवणाऱ्या संघराज्याच्या मंडळापुढे, गेलंच, तर हेच वाक्य पहिल्यांदा वाचलं जाईल. कोणा सहकाऱ्याचं किंवा मॅनेजरचं नाव, ‘अमुक टीममध्ये अमुक आडनावांचेच लोक घेतात’ असला उल्लेख या कागदात नको. तसा अनुभव असेल तर ती व्यक्तिगत तक्रार आहे, ती वेगळी आणि पुराव्यासह करायची. धोरणाच्या मागणीत ती मिसळली की चर्चा धोरणावरून त्या माणसावर सरकते आणि कायदा विभाग सगळंच गोठवून ठेवतो.

सह्यांबद्दल एक गोष्ट फार जपून करा. दहा-बारा जणांच्या या यादीत फक्त दलित सहकारी असतील, तर ती यादी म्हणजेच कोणाची जात काय याची यादी होते. परदेशात आडनाव बदलून, ‘गाव कोणतं’, ‘घरी मांसाहार चालतो का’ असले प्रश्न चुकवत जगणारी माणसं आपल्यात आहेत. त्यांच्या परवानगीशिवाय ही ओळख उघड होता कामा नये, नुसत्या अंदाजानेही नको. म्हणून सह्या गोळा करण्याआधी इतर जातींचे, इतर देशांचे, गोरे-काळे सहकारी मिळवा. निम्म्याहून अधिक सह्या अशा असतील तर कोणाच्याही सहीवरून काही ताडता येणार नाही. ज्यांना सही करायची नाही त्यांना ‘का?’ असं विचारूसुद्धा नका. आणि कागदात कुठेही ‘आम्ही दलित कर्मचारी’ असं लिहू नका, लिहिणाऱ्यांची स्वतःची हरकत नसली तरी. हे घाबरून सांगत नाही. बोलायचं की गप्प राहायचं हे प्रत्येकाला स्वतः ठरवता यावं, यासाठीच तर ही मागणी आहे.

साधनांची शिस्त कंटाळवाणी असते, पण माणसं अडकतात ती तिथेच. मसुदा कंपनीच्या लॅपटॉपवर लिहू नका. तिथे स्वतःचं खासगी ईमेल उघडणंही नको, कारण स्क्रीनवरचं आणि नेटवर्कवरचं कंपनी पाहू शकते. फोनवर कंपनीचं कामाचं प्रोफाइल असेल तर त्या फोनवरूनही शक्यतो नाही. सगळं तयार झाल्यावर अंतिम प्रत तेवढी कंपनीच्या मेलवरून एचआर आणि अनुपालन विभागाला पाठवा, म्हणजे कंपनीला हे कळवलं होतं याचा पुरावा राहतो. पाठवताना दहा हजार जणांच्या मेलिंग लिस्टला प्रत लावू नका. कंपनीच्या यंत्रणेचा गैरवापर हे कारवाईचं सोपं निमित्त असतं. कंपनीची कागदपत्रं स्वतःकडे फॉरवर्ड करणं तर पूर्ण वर्ज्य. २०१९च्या नोव्हेंबरात गूगलने चार कर्मचाऱ्यांना काढलं तेव्हा कारण दिलं होतं ते माहिती-सुरक्षेच्या नियमभंगाचं. पुढे लेबर बोर्डाने त्या कारवाईबाबत कंपनीवर आरोपपत्र ठेवलं, पण तेव्हा एक वर्ष उलटून गेलं होतं. तुम्हाला तुमची मूल्यांकनं हवी असतील तर कॅलिफोर्नियात सरळ मार्ग आहे: लेखी अर्ज करा, कंपनीने ३० दिवसांत तुमची कर्मचारी फाइल दाखवावी किंवा तिची प्रत द्यावी लागते. तो अर्ज निवेदन देण्याच्या आधी करून ठेवा.

व्याख्यान हे मागणीपेक्षा नाजूक प्रकरण आहे. एप्रिल २०२२ मध्ये गूगल न्यूजच्या कर्मचाऱ्यांसाठी दलित हक्क कार्यकर्त्या थेनमोळी सौंदरराजन यांचं जातीवरचं व्याख्यान ठरलं होतं. काही कर्मचाऱ्यांनी त्या हिंदूविरोधी असल्याच्या मेल वरिष्ठांना पाठवल्या आणि कार्यक्रम रद्द झाला. कंपनीचं म्हणणं होतं की जातीभेदाला आमच्याकडे थारा नाही, पण या व्याख्यानाने लोकांत फूट पडत होती. यातून घ्यायचं ते एवढंच, की कार्यक्रम कंपनीचा असला तर रद्द करण्याचा अधिकारही कंपनीचाच राहतो. धोरणाच्या मागणीला कायद्याचा जो आधार आहे तो कंपनीच्या सभागृहाला नाही. म्हणून दोन्ही एकमेकांवर टांगू नका. व्याख्यान अडलं म्हणून मागणी अडता कामा नये. पहिल्या वर्षी कर्मचारी गटाच्या नेहमीच्या पद्धतीने, दुपारच्या सुट्टीत, ४५ मिनिटांचा कार्यक्रम ठेवा. विषय बाबासाहेबांचं कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण, त्यांचं अर्थशास्त्र, मजूरमंत्री म्हणून १९४२ ते १९४६ मधलं त्यांचं काम असा निवडलात तर त्यात पातळ काहीच नाही. कामगारांच्या आठ तासांच्या दिवसाचा विषय टेक कंपनीत मांडायला याहून चांगली जागा कोणती? खोली आणि वक्ता फेब्रुवारीतच ठरवा, मंजुरी लेखी घ्या. शेजारच्या ग्रंथालयातली किंवा सामाजिक सभागृहातली एक जागाही राखून ठेवा. आयत्या वेळी नकार आला तर संध्याकाळी तिथे जयंती होईलच, आणि तिथे कोणाची परवानगी लागत नाही.

लष्करी कंत्राटाकडे वळू. मॅनेजर २०१८ साल गेलं म्हणतो, ते वस्तुस्थिती म्हणून बरोबर आहे. त्या वर्षी गूगलच्या तीन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी प्रोजेक्ट मेव्हन या ड्रोनच्या चित्रफिती एआयने तपासण्याच्या लष्करी प्रकल्पाविरुद्ध सह्या केल्या, सुमारे डझनभरांनी राजीनामे दिले, आणि जूनमध्ये कंपनीने पेंटॅगॉनशी तो करार पुढे न नेण्याचं जाहीर केलं. १ नोव्हेंबरला जगभरचे सुमारे वीस हजार कर्मचारी लैंगिक छळाच्या प्रश्नावर काम सोडून बाहेर आले. आठवड्याच्या आत छळाच्या तक्रारींतली सक्तीची लवादाची अट गेली. त्यानंतर वारं फिरलं. २०१९ मध्ये गूगलने ऑफिसातल्या राजकीय वादांना आळा घालणारी नियमावली आणली आणि दर आठवड्याची सर्वांची सभा महिन्यावर नेली. २०२० मध्ये कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीने राजकारण नको असलेली कंपनी असल्याचं जाहीर करून न पटणाऱ्यांना पैसे देऊन जायला सांगितलं. सुमारे साठ जण गेले. २०२२-२३ मध्ये मोठ्या कपाती आल्या, जानेवारी २०२३ मध्ये एकट्या गूगलने १२,००० जणांना कमी केलं. इंजिनिअर मिळत नव्हते तेव्हा त्यांचं ऐकलं जात होतं. माणसं बदलली नाहीत, बाजार बदलला. फेब्रुवारी २०२५ मध्ये गूगलने २०१८च्याच आपल्या एआय-तत्त्वांतलं शस्त्रं आणि पाळत यांबाबतचं वचन काढून टाकलं.

ठिय्याचं गणित तर आणखी सरळ आहे. मालकाच्या जागेवर कब्जा करून बसणं सर्वोच्च न्यायालयाच्या १९३९च्या फॅनस्टील निकालापासून संरक्षणाबाहेर आहे. १६ एप्रिल २०२४ रोजी गूगलच्या न्यूयॉर्क आणि तुमच्याच सनीव्हेलच्या कचेऱ्यांत प्रोजेक्ट निंबस या इस्रायल सरकारसोबतच्या क्लाउड कराराविरुद्ध ठिय्या झाला. नऊ जणांना अटक झाली, आधी २८ आणि मग मिळून सुमारे ५० जणांच्या नोकऱ्या गेल्या. अशा दबावाचा उपयोग होत नाही असं मात्र आम्ही म्हणणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अध्यक्षांच्या दालनात ठिय्या झाला, सहभागींना काढलं गेलं, आणि सप्टेंबरात कंपनीने इस्रायलच्या संरक्षण मंत्रालयातल्या एका तुकडीच्या काही सेवा बंद केल्या. त्यामागे वर्तमानपत्राच्या शोधबातमीचाही मोठा वाटा होता. ज्यांना काढलं त्यांची नोकरी मात्र परत आली नाही. नागरिक असलेल्या सहकाऱ्याने ही किंमत मोजायचं ठरवलं तर तो त्याचा निर्णय. तुमच्या बाबतीत अटक हा शब्द वेगळ्या वजनाचा आहे: व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात अटक कधी झाली होती का असा सरळ प्रश्न असतो, दोषी ठरला नसलात तरी ‘हो’ लिहावं लागतं. डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४च्या अर्जदारांची सोशल मीडियावरचा वावरही तपासला जातो.

तरी या कामात तुम्हाला करण्यासारखं आहे. त्या प्रकल्पावर तुमची टीम असेल, तर दोघा-तिघांनी मिळून अशी मागणी करा: ‘या प्रकल्पावर काम न करण्याची मुभा असावी, आणि बदली मागणाऱ्याच्या मूल्यांकनावर परिणाम होऊ नये.’ ही मागणी कंत्राटाबद्दल राहत नाही, कामाच्या अटींबद्दल होते, आणि कलम ७ च्या बरीच जवळ येते. बाकी, ऑफिसबाहेरच्या सभेला जाणं, लोकप्रतिनिधीला पत्र लिहिणं यासाठी कॅलिफोर्नियाच्या लेबर कोडची कलमं ११०१ आणि ११०२ उपयोगी आहेत: कर्मचाऱ्याच्या राजकीय हालचालींवर मालकाला नियंत्रण ठेवता येत नाही. कंपनीचा टी-शर्ट, बिल्ला किंवा अंतर्गत माहिती मात्र तिथे नेऊ नका.

आता घरचा हिशोब, जो निवेदनावर सही करण्याच्या आधी झाला पाहिजे. नोकरी गेली तर एच-१बीवाल्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ (देशात राहण्याची मुदत दाखवणारी नोंद) त्याआधी संपत असेल तर तेवढेच. दिवस साधारणपणे शेवटच्या पगारी दिवसापासून मोजतात. एवढ्यात नव्या मालकाने अर्ज दाखल करायला हवा. तो दाखल होताच काम सुरू करता येतं. मुदत हुकून देशाबाहेरून नवा अर्ज करायची वेळ आली, तर सप्टेंबर २०२५च्या घोषणेतलं १ लाख डॉलरचं शुल्क आड येऊ शकतं. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील तर जुन्या मालकाने तो मागे घेतला तरी तुमची अग्रक्रमाची तारीख, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली जागा, टिकते आणि सहा वर्षांपुढची मुदतवाढही त्यावर मिळते, पण नवा मालक ग्रीन कार्डची प्रक्रिया पहिल्यापासून करतो. मिस्टरांची एच-४ची परवानगी तुमच्या स्टेटसवर उभी आहे, म्हणजे दोन पगार एकदम थांबू शकतात. मंजुरीची नोटीस, पगारपत्रकं, आय-९४ यांच्या प्रती घरी ठेवा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढा, बायोडेटा आजच अद्ययावत करा. हातात न आलेले शेअर नोकरी सुटताच जातात. शेअर हातात येण्याची पुढची तारीख तीन आठवड्यांवर असेल तर निवेदन चौथ्या आठवड्यात दिल्याने मागणी कमजोर होत नाही.

कायदा बाजूने असला तरी तो सावकाश चालतो. ॲमेझॉनने हवामानप्रश्नी काम करणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांना एप्रिल २०२० मध्ये काढलं. बुडालेल्या पगारासह तडजोड झाली ती सप्टेंबर २०२१ मध्ये. तुमच्याकडे ६० दिवस आहेत. २०२५ मध्ये तर जवळजवळ वर्षभर लेबर बोर्डाकडे निकाल द्यायला लागणारे तीन सदस्यच नव्हते. तरी तक्रार सोडू नका. बोर्डाकडे तक्रार करायच्या फॉर्म ५०१ला शुल्क नाही, मुदत ६ महिने. शिवाय २०२४ पासून कॅलिफोर्नियाच्या लेबर कोडमधल्या काही कलमांखाली, हक्क बजावल्यापासून ९० दिवसांत कारवाई झाली तर ती सूडाची नव्हती हे दाखवण्याचा भार मालकावर येतो. म्हणून तारखा लिहून ठेवा: कोण, कधी, कोणासमोर काय म्हणालं. मॅनेजरचं ते ‘२०१८’वालं वाक्यही.

एचआरने अचानक बोलावलं तर जा, शांत राहा, खरं बोला, आणि सही करण्याच्या कागदावर ‘वाचून कळवते’ म्हणा. चोरून रेकॉर्डिंग करू नका, कॅलिफोर्नियात सर्वांची संमती लागते आणि तोच गुन्हा ठरतो. युनियन नसल्याने सहकाऱ्याला सोबत बसवण्याचा हक्क नाही. विचारून मात्र पाहा. बाहेर आल्यावर लगेच टिपण लिहा. सेव्हरन्सच्या, म्हणजे नोकरीवरून काढताना दिल्या जाणाऱ्या पैशांच्या, करारात दावे सोडण्याचं कलम असतंच, ते वकिलाने वाचल्याशिवाय सही नको.

वकील म्हणजे दोन वकील: एक रोजगार कायद्याचा, एक इमिग्रेशनचा. तुमचा एच-१बी ज्या फर्मने भरला ती कंपनीचंही काम करते, त्यामुळे हा प्रश्न तिच्याकडे नेऊ नका. स्वतःच्या पैशाने, स्वतः निवडलेल्या वकिलाशी निवेदन देण्याच्या आधी एक तास बोला, आणि जाताना आय-१४०ची नोटीस, नोकरीचा करार आणि निवेदनाचा मसुदा सोबत घ्या.